धंद्याची जाहिरात फेसबुक-लिंक्डइनवर करताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपवाल्यांच्या मागे लागून मीच त्यांना लिंक्डइनवर आणतो, म्हणून पहिली तक्रार त्यांच्याबद्दलच. फोटो टाकण्याआधी मागे काय दिसतंय, हे कुणी बघतच नाही.

ओळखीच्या एका जॉबवर्कवाल्यांनी, म्हणजे कंपन्यांचे पार्ट बनवून देणाऱ्यांनी, नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतलं. पोराने हौसेने पहिल्या जॉबचा फोटो टाकला. फोटो झकास, पण टेबलावर ड्रॉइंग उघडं पडलेलं. कोपऱ्यात कंपनीचं नाव, पार्ट नंबर, आणि झूम केलं की टॉलरन्ससुद्धा (माप किती इकडेतिकडे चालेल ते) वाचता येत होता. त्यात पार्ट अजून बाजारात न आलेल्या गाडीचा. संध्याकाळच्या आत त्या कंपनीच्या परचेसमधून, म्हणजे खरेदी विभागातून, फोन: "मालक, ती पोस्ट आत्ताच्या आत्ता काढा." पोस्ट काढली, पण स्क्रीनशॉट तोवर वरच्या साहेबांकडे पोचला होता. करारात गोपनीयतेचं कलम होतंच. पुढचा डेव्हलपमेंट जॉब, म्हणजे नवा पार्ट पहिल्यांदा बनवून बघायचं काम, दुसऱ्याला गेला आणि मालक गेटवर हेलपाटे मारत राहिले.

माझी सवय अशी की फोटो मशीनचा किंवा ऑपरेटरचा, फार तर स्क्रॅप पीसचा. गिऱ्हाइकाचा जॉब टाकायचाच तर आधी मेलवर लेखी परवानगी घ्यायची. फोनवरचं "हो हो, टाका की" नंतर कुणाला आठवत नाही. आणि लिंक्डइनवर नावाखाली नुसतं "प्रोप्रायटर" लिहून काय होणार? टेबल साइज, मटेरियल, लेथवर किती व्यासापर्यंत टर्निंग होतं, ते लिहा. परचेसवाला "व्हीएमसी जॉबवर्क वाळूज" शोधतो, "यशस्वी उद्योजक" नाही.

दुसरा माझ्या डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे "किंमत इनबॉक्समध्ये". पैठणला हातमागाची पैठणी विकणारेसुद्धा हेच करतात. फोटोत हातमाग आणि पॉवरलूम सारखेच दिसतात, मग हातमागाचा भाव ऐकून बाई गप्प होते. त्यापेक्षा पदर उलटा करून एक फोटो टाका. हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, पॉवरलूमला मागे धागे लोंबतात. खाली भाव लिहा. शेजारचा भाव पाडेल ही भीती मला सांगू नका; तो गिऱ्हाईक पाठवून विचारून घेतोच.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 जण मावतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. "कुणाचं उत्तर येत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी काउंटरवरच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला लावावं.

दुकानाच्या नावाने फेसबुकवर साधी प्रोफाइल उघडू नका. 5000 मित्रांवर ती थांबते, शिवाय नियमात बसत नाही. धंद्याचं पेज उघडा.

विकतचे फॉलोअर्स? लातूरच्या दुकानातून कुठल्या परदेशातला माणूस डाळ नेणार आहे!

बूस्ट, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण, दाबताना जिल्हा निवडा. घाई झालेली मंडळी अख्खा भारत ठेवतात आणि पैसे गेले म्हणून मला फोन करतात.

"कॉपीराइटची तक्रार आली, पेज बंद होईल" असा लिंकवाला फसवा मेसेज आला तर लिंक उघडू नका, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू ठेवा. आणि पेज भाच्याने काढून दिलं असेल तर तो पुण्याला नोकरीला जायच्या आत स्वतःला अॅडमिन करून घ्या.