‘हेल-बेंट’ कुठे वापरायचं, कुठे नाही

परिणामांची पर्वा न करता इरेला पेटलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘हेल-बेंट’ म्हणतात. यातला ‘बेंट’ वाकलेला नव्हे, एखाद्या गोष्टीकडे कललेला. शब्द मूळचा अमेरिकी बोलीतला, 1835च्या सुमाराचा.

वाक्याचा साचा असा: आधी ‘इज’, ‘आर’ किंवा ‘वॉज’, मग ‘हेल-बेंट’, मग ‘ऑन’ आणि शेवटी नाम किंवा ‘इंग’ लावलेलं क्रियापद. ‘ही इज हेल-बेंट ऑन रायडिंग टु सिंहगड इन धिस रेन.’ म्हणजे दरड कोसळो, रस्ता बंद असो, हा पावसात गाडी काढणारच. नेमकं इथेच आपण चुकतो. डोक्यात ‘जायला’ असतं, म्हणून तोंडून ‘हेल-बेंट टु गो’ निघतं. तेही क्वचित ऐकू येतं, पण ‘ऑन गोइंग’ जास्त रुळलेलं. ‘ऑन गो’ मात्र साफ चूक. लिहिताना मधली आडवी रेघ ठेवावी. आधी ‘व्हेरी’ नको, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ चालतं.

जिद्दीचं निखळ कौतुक करायचं तर ‘डिटरमिन्ड’ बरा. हिंजवडीतल्या नोकरीच्या अर्जात ‘आय अ‍ॅम हेल-बेंट ऑन सक्सेस’ लिहू नये. उमेदवार आततायी वाटतो. लक्ष्मी रोडवर ऐन गणपतीत चारचाकी घुसवणाऱ्याला मात्र खुशाल म्हणा.