चिखलात पळवायच्या स्पोर्ट क्वाडला मागचे टायर कसे निवडावेत

चिखलासाठी क्वाडला, म्हणजे मोटरसायकलसारख्या हँडलच्या चारचाकी रानगाडीला, मागे कुठला टायर घालू, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "सगळ्यात खोल नक्षीचा घाल, आणि मिळेल तेवढा मोठा घाल." हा सल्ला फोर-बाय-फोर क्वाडवाल्यांचा आहे. त्यांच्या गाडीत ओढ चारही चाकांना असते, लो गिअर असतो आणि पोटाखाली जवळजवळ फूटभर जागा असते. आपल्या स्पोर्ट क्वाडला ओढ फक्त मागच्या दोन चाकांची, तीही चेनवरची, आणि मागच्या एक्सलखाली जागा जेमतेम चार-साडेचार इंच. ही गाडी चिखलातून रांगत जात नाही, वरून पळत जाते. थांबली की रुतली. टायर निवडताना एवढं डोक्यात ठेवलंत तरी निम्मे फुकटचे सल्ले आपोआप गळून पडतात.

आधी माप. टायरच्या बाजूवर २०×१०-९ असं काहीतरी लिहिलेलं असतं: २० इंच उंची, १० इंच रुंदी, ९ इंचांची रिम. शेवटचा आकडा तुमच्या रिमशी जुळलाच पाहिजे. चायनीज ११०-१२५ सीसी गाड्यांना बहुधा ७ किंवा ८ इंचांच्या रिम असतात, त्यामुळे फोटो बघून ऑर्डर देऊ नका. बेळगावातल्या नेहमीच्या टायरच्या दुकानांत ही मापं सहसा नसतात. मागवावीच लागतात, आणि मागवलेला टायर परत करताना कोण किती गोड बोलतो ते तुम्हाला माहीत आहेच.

आता खरी गोम. माझंही डोकं सगळ्यात जास्त इथेच शिणलं.

"चिखलाचा टायर" म्हणून एकच एक टायर नसतो, कारण चिखलच एक नसतो. आपल्या भागात तर नाहीच. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे तांबडी माती आणि खाली जांभा. वडगाव-येळ्ळूरचं भाताचं शिवार काळं, आणि पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे तर काळी रानंच रानं. या दोन मातींचे स्वभाव एकमेकींच्या उलट आहेत. एकीला चालणारा टायर दुसरीत हमखास दगा देतो.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. पहिल्या पावसात काळ्या रानातून चप्पल घालून चाललेल्याला सांगायला नको, चार पावलांत चप्पल किलोभराची होते. टायरचं तेच. नक्षीतले उंच ठोकळे, म्हणजे लग, यांच्यामधल्या फटी एकदा मातीने भरल्या की लग दीड इंचाचा असो नाहीतर अर्ध्या इंचाचा, जमिनीला लागतो तो मातीचा गुळगुळीत गोळाच. म्हणून काळ्या मातीत लग किती खोल हे नंतर बघा, लगांमधली जागा आधी बघा. दाट आणि खोल नक्षी हा सगळ्यात वाईट प्रकार. दिसायला रुबाबदार, आणि वीस-पंचवीस फुटांतच बंद.

फटीतली माती निघते ती दोन कारणांनी: चाक जोरात फिरतं म्हणून ती बाहेर फेकली जाते, आणि कमी हवेचा टायर जमिनीवर दबून परत उघडतो म्हणून ती सुटते. इथेच जड टायर मार खातो. तो फिरवण्यातच इंजिनाचा दम संपतो, चाकाला वेग येत नाही, माती तशीच राहते. जाड लगांचा कडक टायर धड दबतही नाही. हाय लिफ्टर कंपनीच्या आउटलॉसारखे जड टायर मोठ्या फोर-बाय-फोरला शोभतात. त्याच धर्तीचं काही आपल्या गाडीला चढवायच्या नादात माझ्या एका मित्राने पहिल्याच पावसाळ्यात क्लच प्लेटी जाळल्या.

दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. दोन लगांच्या मध्ये दोन बोटं आडवी सहज बसली पाहिजेत. त्याहून चांगली परीक्षा हवी असेल तर आपल्या रानातली ओली माती पिशवीत घालून न्या. मुठीएवढा गोळा अंगठ्याने फटीत दाबा, टायर उभा धरा आणि बाजूला थाप मारा. गोळा सुटून पडला, फटीच्या तळाशी फक्त पातळ थर राहिला, तर टायर चालेल. कोपऱ्यात अडकून बसला तर तो टायर ठेवून या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. पैसे तुमचे आहेत.

माझ्या मते काळ्या मातीत स्पोर्ट क्वाडला पाऊण ते एक इंचाचा लग पुरे. त्यापुढे जाऊ नका. लगाच्या जाडीपेक्षा मधली जागा दुप्पट तरी हवी आणि नक्षी इंग्रजी व्ही आकाराची, बाहेरच्या बाजूला उघडी. बसवताना दिशा तपासा. गाडीच्या मागे उभं राहून बघितलं तर व्हीचं टोक वर दिसलं पाहिजे, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला असतं तसं. मग टोक आधी जमिनीत शिरतं आणि माती दोन्ही बाजूंना ढकलली जाते. उलटा बसवला की तीच माती मधोमध गोळा होते. पंक्चरवाल्याकडे सोपवून चहाला जाऊ नका. बाजूवर बाण असतो, तो स्वतः बघा.

तांबड्या मातीत सगळा हिशेबच वेगळा. तिथे वर पातळ राड आणि खाली घट्ट जांभा. माती चिकटत नाही, घसरवते. उंच लग जांभ्यावर नुसते टोकांवर उभे राहतात, वाकतात, गाडी थरथरते आणि लगांच्या कडा फाटतात. इथे हव्यात पुष्कळ कडा आणि जरा मऊ रबर. नख दाबलं तर किंचित आत गेलं पाहिजे. क्रॉसकंट्रीला वापरतात तशी मध्यम बटणांची नक्षी, म्हणजे आयटीपीचा होलशॉट किंवा मॅक्सिसचा रेझर या जातीचे टायर तिथे छान चालतात. खानापूरकडे राहणारे कितीतरी लोक गाडीबरोबर आलेले चांगले टायर काढून "मड टायर" घालतात आणि मग गाडी घसरते म्हणून रडतात.

पॅडल टायर वाळूसाठी असतात. कुणी चिखलासाठी सुचवले तर विषय बदला.

उंचीबद्दल थोडं गणित करावंच लागतं. २० इंचांच्या जागी २२ चा टायर घातला की गाडी मागून एक इंचच वर येते, दोन नाही, कारण एक्सल मध्यावर असतो. पण गिअरिंग मात्र दहा टक्के लांबतं, म्हणजे चिखलात नेमका हवा तेव्हाच दम कमी पडतो. यामाहा रॅप्टर ७०० चं उदाहरण घ्या. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १४ दात्यांचं, मागचं ३८. दहा टक्के भरून काढायला मागे ४२ चं बसवा असं मेस्त्री लगेच सांगतो. हिशेब बरोबर आहे, पण मागचं स्प्रॉकेट हीच गाडीची सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू. ५२० मापाच्या चेनला चार दाते वाढले की ते साधारण १० मिलिमीटर खाली येतं. २५ मिलिमीटर कमावले आणि त्यातले १० परत दिले. त्यापेक्षा पुढे १३ आणि मागे ३९ करा, गुणोत्तर तेच येतं. चेन पुढे जरा जास्त वळते आणि थोडी लवकर झिजते, ते परवडलं. दोनशे-अडीचशे सीसीच्या गाडीला तर उंची वाढवूच नका.

रुंदी कंपनीने दिली तेवढीच ठेवा किंवा एखादा इंच वाढवा. अरुंद टायर तळाच्या घट्ट थरापर्यंत चिरत जातो हे खरं, पण तोवर आपलं स्प्रॉकेट नांगरासारखं चिखलात घुसलेलं असतं.

चिकोडी-निपाणीकडे उसाच्या रानाच्या कडेने फिरणार असाल तर सहा प्लायचा घ्या (प्लाय म्हणजे टायरच्या आतले थर; जास्त प्लाय म्हणजे जास्त दणकट). तोडणीनंतरचे बुडखे टायरची बाजू फाडतात, आणि बाजू फाटली की पंक्चरचा प्लग टिकत नाही. नुसत्या भाताच्या खाचरात चार प्लायचा बरा, तो जास्त दबतो.

टायर नेहमी जोडीनेच बदला. मागचा एक्सल अखंड असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. एक नवा आणि एक झिजलेला असला की घेर वेगळा होतो आणि गाडी सतत एका बाजूला ओढते. नवे असले तरी हवा भरून दोन्हींवर टेप फिरवा.

हवा चार-पाच पीएसआय. पेट्रोल पंपावरचं मीटर एवढं कमी नीट दाखवत नाही, लो-प्रेशरचं वेगळं मीटर घ्या.

ही गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, तेव्हा रानापर्यंत छोट्या हत्तीतून न्या. रान दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, बांध फोडू नका, आणि रोप लावलेल्या खाचराच्या आसपासही फिरकू नका. भीमगड अभयारण्याकडे तर अजिबात जायचं नाही.

दोन्ही मातींत फिरणार असाल तर मधला मार्ग म्हणून एखादा "ऑलराउंडर" टायर शोधत बसू नका, तो दोन्हीकडे अर्धवट चालतो. त्यापेक्षा मागच्या दोन जादा रिम घ्या. जुन्या मिळाल्या तरी चालतील, फक्त कडा वाकलेल्या नसाव्यात आणि बोल्टांची भोकं व ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते माप) जुळावेत. एका जोडीवर काळ्या मातीचे टायर, दुसरीवर तांबड्या मातीचे. चाकं बदलायला अर्धा तास पुरतो. बदलल्यावर पहिली फेरी मारून आलात की नट पुन्हा एकदा आवळा.