क्लबचा लाडका खेळाडू कसा निवडावा: चाहत्यांच्या गटासाठी मतदानाची रीत

इंदूरमध्ये लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल अशा दूरदेशीच्या क्लबांवर जीव लावणारे मराठी चाहते आता बरेच आहेत. शनिवार-रविवारचे सामने एकत्र बसून पाहायचे, चॅम्पियन्स लीगच्या लढतीसाठी रात्री साडेबारा-दीडपर्यंत जागायचे आणि सकाळी पोहे-जिलेबी खाताना त्याच सामन्याची चिरफाड करायची, हा लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर अशा वस्त्यांतील अनेक मित्रमंडळींचा नेम झाला आहे. अशा मंडळीत आपल्या क्लबचा सर्वांत लाडका खेळाडू कोण, हा वाद केव्हा तरी निघतोच, आणि मग मत घेऊन टाकू असे कोणीतरी सुचवतो. ही सूचना चांगली आहे. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांत पोल टाकून तो उरकला, तर हाती येते ते मागच्या आठवड्यात गोल केलेल्या खेळाडूचे नाव. नीट घेतलेल्या मतदानातून मात्र क्लबचा इतिहास गटातील प्रत्येकाच्या ओळखीचा होतो, आणि आपल्यासारख्या दूर बसलेल्या चाहत्यांसाठी त्याचे मोल फार आहे.

प्रश्न आधी नेमका करावा

सर्वांत जास्त विचार या कामासाठी राखून ठेवावा. सर्वांत महान खेळाडू कोण आणि सर्वांत लाडका कोण, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि मतपत्रिकेवर त्यांची सरमिसळ झाली की मतदान वाया गेलेच म्हणून समजावे. इंदूरकरांना हा फरक घरचाच आहे. सी. के. नायडू हे भारताचे पहिले कसोटी कर्णधार आणि होळकर संघाचे आधारस्तंभ. त्यांच्या मोठेपणाविषयी दुमत नाही. इंदूरचेच सय्यद मुश्ताक अली केवळ 11 कसोटी सामने खेळले. 1936 साली मँचेस्टरला 112 धावा करून परदेशात कसोटी शतक ठोकणारे ते पहिले भारतीय ठरले हे खरे, पण लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले ते पुढे सरसावून बेधडक फटके मारण्याच्या त्यांच्या ढंगामुळे. 1945 मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळले, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ अशा घोषणा देत निवड समितीला त्यांना परत घ्यायला लावले. धावांच्या हिशेबात त्यांच्यापुढे अनेक जण होते, तरी दुसऱ्या प्रांतातले लोक घोषणा देत उभे राहिले ते मुश्ताक यांच्यासाठी.

फुटबॉलमधला कल्ट हीरो, म्हणजे महान नसूनही चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला खेळाडू, याच जातकुळीचा असतो. 8 मे 1999 रोजी कार्लाइल युनायटेड हा क्लब इंग्लिश फुटबॉल लीगमधून बाहेर फेकला जाण्याच्या बेतात होता. भरपाईच्या वेळेत मिळालेल्या कॉर्नर किकवर गोलरक्षक जिमी ग्लास आपला गोल सोडून प्रतिस्पर्धी प्लिमथच्या गोलसमोर धावला, आणि त्याने मारलेल्या गोलाने क्लब वाचला. ग्लास दुसऱ्या क्लबकडून उसनवारीवर आलेला होता आणि कार्लाइलसाठी तो अवघे तीन सामने खेळला. महान खेळाडूंच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव येणार नाही, तरीही कार्लाइलमध्ये त्याला कोणी विसरलेले नाही.

म्हणून मतपत्रिकेच्या माथ्यावर नुसते ‘आवडता खेळाडू’ असे न लिहिता प्रश्न पूर्ण वाक्यात मांडावा. मी सुचवीन तो मजकूर असा: ‘क्लबच्या सर्वोत्तम अकरांत ज्याला कदाचित जागा मिळणार नाही, पण ज्याचे नाव निघताच आपल्याला आनंद होतो, असा खेळाडू कोणता?’ शब्द आपापल्या गटाने बदलावेत, पण या वाक्याचे दोन्ही भाग राहू द्यावेत.

कोणाला यादीत घ्यावे, कोणाला नाही

पुढची उदाहरणे मी लिव्हरपूलची घेत आहे. आपल्या क्लबची नावे वाचकांनी त्या जागी घालून पाहावीत. केनी डॅलग्लिश, स्टीव्हन जेरार्ड आणि 346 गोल करणारा इयन रश यांना यादीबाहेर ठेवावे. त्यांच्यावर लोकांचे प्रेम नाही असे मुळीच नाही, पण ते यादीत असले की मतदार सवयीने त्यांच्याच नावापुढे खूण करतो आणि प्रश्न पुन्हा ‘महान कोण’ याकडे घसरतो. सध्या क्लबकडून खेळत असलेल्यांनाही माझ्या मते वगळावे, कारण त्यांच्याविषयीचा जिव्हाळा अजून काळाच्या कसोटीला उतरायचा आहे.

काही नावे सीमेवरची असतात. रॉबी फाउलरचे 183 गोल त्याला महान खेळाडूंत बसवतात, आणि अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावरचे लोक त्याला ‘गॉड’ म्हणत, यावरून तो किती लाडका होता हेही कळते. अशा नावावर आधी हात वर करून निर्णय घ्यावा आणि तो लिहून ठेवावा, म्हणजे निकालानंतर तो वाद पुन्हा उपटत नाही.

खेळाडूच्या मैदानाबाहेरच्या वागण्याचे काय करायचे, हेही नावे येण्यापूर्वीच ठरवलेले बरे. रॉबिन फ्रायडे हा रेडिंग आणि कार्डिफ सिटी या क्लबांचा 1970च्या दशकातला आघाडीचा खेळाडू. तो वरच्या श्रेणीत कधीच खेळला नाही, दारू आणि अमली पदार्थांनी त्याची कारकीर्द लवकर संपवली आणि 1990 मध्ये वयाच्या 38व्या वर्षी तो वारला. तरी 2004 मध्ये बीबीसीच्या ‘फुटबॉल फोकस’ या कार्यक्रमाने क्लबवार मते मागवली, तेव्हा दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी आपला कल्ट हीरो म्हणून त्यालाच निवडले. बेफिकीर आयुष्याचे कौतुक करणे आणि त्या खेळाडूवर प्रेम करणे यांत अंतर आहे. गटात शाळकरी मुले असतील तर ज्येष्ठांनी हे अंतर त्यांना सांगितलेच पाहिजे. त्यासाठी नाव दडवण्याची मात्र गरज नाही.

नावे सुचवणे आणि बाजू मांडणे

प्रत्येक सभासदाकडून दोन नावे मागवावीत, आणि त्यांपैकी निदान एक खेळाडू सभासदाने स्वतः लिव्हरपूलकडून खेळताना न पाहिलेला असावा, अशी अट घालावी. ती अवघड वाटेल, पण आपल्या परिस्थितीत फार उपयोगाची आहे. इंग्लिश लीगचे सामने आपल्याकडे नियमित दिसू लागले ते 1990च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्यावर, त्यामुळे त्याआधीचा सगळा काळ आपल्याला ऐकून आणि वाचूनच माहीत आहे. ही अट नसेल तर आपली यादी अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांतच अडकून पडते.

नाव सुचवणाऱ्याने सर्वांसमोर तीन मिनिटे बाजू मांडावी. त्यात आकडे थोडे आणि प्रसंग एकच असावा. डिव्हॉक ओरिगीची बाजू घेणाऱ्याने 7 मे 2019ची रात्र सांगावी: चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतला बार्सिलोनाविरुद्धचा पहिला सामना 0-3 असा गमावल्यानंतर अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने 4-0 असा विजय मिळवला, त्यात ओरिगीचे दोन गोल होते, आणि 79व्या मिनिटाला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने बचावफळी बेसावध असताना कॉर्नर मारला तेव्हा चेंडूकडे लक्ष असलेला ओरिगीच होता. एव्हर्टनविरुद्ध 96व्या मिनिटाला केलेला गोल आणि त्याच स्पर्धेच्या माद्रिदला झालेल्या अंतिम सामन्यातला दुसरा गोल यांचा उल्लेख पुरेसा आहे. गोलरक्षक येर्झी डूडेकची बाजू मांडणाऱ्याने 25 मे 2005च्या इस्तंबूलकडे, म्हणजे तिथे झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याकडे जावे. मिलानविरुद्ध 0-3 अशी पिछाडी 3-3 अशी भरून निघाल्यावर जादा वेळेत त्याने मिलानच्या शेवचेन्कोचे लागोपाठचे दोन फटके अडवले आणि शेवटी शेवचेन्कोचीच पेनल्टी रोखून चषक मिळवून दिला; त्याच उन्हाळ्यात पेपे रेना हा दुसरा गोलरक्षक आला आणि डूडेकची जागा गेली. यश आणि विस्मरण इतके जवळजवळ आलेले हे उदाहरण मला फार हृद्य वाटते.

जुन्या खेळाडूंसाठी थोडी अधिक तयारी करावी लागते. डेव्हिड फेअरक्लफने 16 मार्च 1977 रोजी बदली खेळाडू म्हणून उतरून सेंट एटिएनविरुद्ध 84व्या मिनिटाला गोल केला आणि लिव्हरपूलला युरोपियन चषकाच्या, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या, उपांत्य फेरीत नेले. त्याच वर्षी रोमच्या अंतिम सामन्याला चाहत्यांनी जोई जोन्स या बचावपटूच्या नावाचा लांबलचक फलक नेला होता. गोल करण्याचे काम ज्याच्याकडे नव्हतेच, अशा खेळाडूसाठी लोक फलक शिवतात, गाणी रचतात, आणि लाडकेपणाचा याहून मोठा पुरावा मागू नये.

चित्रफीत दाखवायला हरकत नाही, पण तिच्यावर निर्णय सोपवू नये. फ्रायडेने 1976 मध्ये ट्रॅनमियरविरुद्ध मारलेला गोल पाहून पंच क्लाइव्ह थॉमस यांनी आपण पाहिलेला तो सर्वोत्तम गोल असल्याचे म्हटले, पण त्या गोलाचे चित्रीकरण झालेले नाही. फीत असलेल्यांनाच मते द्यायची ठरवली, तर असे खेळाडू आपोआप बाद होतात. वयस्क सभासदांना तीनऐवजी पाच मिनिटे द्यावीत, अशी माझी शिफारस आहे.

मते कशी द्यावीत आणि कशी मोजावीत

एकाने एकच खूण करायची आणि जास्त खुणांचा विजयी, ही पद्धत सोपी असली तरी या कामाला योग्य नाही. त्याऐवजी पसंतीक्रम मागावा: पहिली, दुसरी, तिसरी पसंती. आपल्या राष्ट्रपतींची निवड याच तत्त्वावर होते, आणि 1969 मध्ये पहिल्या पसंतीच्या मतांवर निर्णय न लागल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजून व्ही. व्ही. गिरी विजयी झाले होते.

समजा, तीन उमेदवार आहेत आणि 40 मतपत्रिका आल्या. पहिली पसंती ओरिगीला 16, डूडेकला 13 आणि फेअरक्लफला 11 जणांनी दिली. निम्म्याहून अधिक, म्हणजे 21 मते कोणालाच नाहीत. सर्वांत कमी मतांचा फेअरक्लफ बाद होतो आणि त्याच्या 11 मतपत्रिका त्यांवरील दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. त्यांतील 8 डूडेककडे आणि 3 ओरिगीकडे गेल्या, तर डूडेक 21 विरुद्ध 19 असा निवडून येतो. ज्यांचा उमेदवार पहिल्याच फेरीत पडला त्या मतदारांचे म्हणणेही निकालात उतरले, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. उमेदवार जास्त असतील तर हीच कृती फेरी-फेरीने करावी. शेवटी बरोबरी झाली तर ज्याला पहिल्या पसंतीची मते अधिक तो विजयी, हा नियम आधीच लिहून ठेवावा.

यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा पोल उपयोगी नाही. त्यात कोणी कोणाला मत दिले ते सर्वांना दिसते, मत मागाहून बदलता येते, आणि पुढे असलेल्या नावामागे लोक जातात. गूगल फॉर्म चालेल. त्यात एका खात्याला एकच प्रतिसाद ही मर्यादा घालावी आणि निकालाचा तक्ता मतदारांना दिसू देऊ नये. गट तीस-चाळीस जणांचा असेल तर मी कागदी मतपत्रिकाच पसंत करीन, कारण सर्वांसमोर एकेक चिठ्ठी उघडून मोजताना जी उत्कंठा असते ती पडद्यावर मिळत नाही, आणि मोजणीविषयी शंकाही राहत नाही. उमेदवारांची नावे सर्व मतपत्रिकांवर एकाच क्रमाने छापू नयेत. दोन-तीन निरनिराळे क्रम करावेत, कारण वरच्या नावाकडे हात आधी जातो.

मतदार कोण, हे मतदानापूर्वी ठरवून यादी बंद करावी. ही यादी उघडी ठेवली तर काय होते, ते फिफाने 2000 साली अनुभवले. शतकातील सर्वोत्तम खेळाडूसाठी इंटरनेटवर घेतलेल्या मतदानात मॅराडोनाला 53.6 टक्के आणि पेलेला 18.53 टक्के मते पडली. इंटरनेट वापरणाऱ्या तरुणांनी मॅराडोनाला पाहिले होते, पेलेला पाहिलेले लोक त्या मतदानात फारसे नव्हते, अशी टीका झाली, आणि फिफाने परीक्षक व आपल्या मासिकाच्या वाचकांच्या कौलावर पेलेलाही पुरस्कार दिला. मते पडल्यावर नियम बदलावा लागणे, ही कोणत्याही मतदानाची सर्वांत वाईट गत होय. गटात तरुण जास्त असतील तर वयाने मोठ्यांच्या मताला दुप्पट वजन देण्याचा मोह टाळावा. त्यांना बाजू मांडायला वेळ द्यावा, मत मात्र प्रत्येकाचे एकच धरावे.

दिवस कोणता निवडावा

मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मतदान कधीही घेऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीगला सुट्टी असते. त्यातला रविवार उत्तम. आदल्या रविवारी भाषणे आणि या रविवारी मतदान, असे आठ दिवसांचे अंतर ठेवावे. तेवढ्यात लोक जुने सामने शोधून पाहतात, घरी विचारतात, आणि पुष्कळदा आपले मत बदलून येतात.

निकाल जाहीर करताना केवळ विजयी नाव न सांगता प्रत्येक फेरीतील मते वाचून दाखवावीत आणि ती गटाच्या वहीत उतरवावीत. ज्याला एकच मत पडले त्या खेळाडूची बाजू मांडणाऱ्यालाही तेव्हा दोन वाक्ये बोलू द्यावीत. पुढचे मतदान निदान तीन वर्षांनी घ्यावे, आणि त्या वेळी आधीच्या विजेत्याला यादीत न घेता दुसऱ्या नावांना वाट द्यावी.