आठशेचा गेलेला दम परत कसा आणला

बाबांची मारुती ८०० माझ्याकडे आली तेव्हा ती वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट दुसऱ्या गिअरवर रडत चढायची. मागे कोणी बसलं असलं तर दोन वळणांवर पहिला टाकावा लागायचा. गाडी १९८९ ची, चार गिअरची, कार्बोरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि अगदी नवी असतानाही चाळिशीच्या आतच घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर.

मामेभाऊ म्हणाला, कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) आणि धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर लाव. गॅरेजवाल्याचा सल्ला त्याहून महाग होता, "ताई, इंजिन बसलंय. बोअर करू." म्हणजे इंजिन उघडून सिलिंडर आतून घासून मोठे करायचे. मी दोघांनाही थांबवलं. कंपनीने दिलेल्यांपैकी किती घोडे पळालेत, ते आधी बघायचं होतं.

म्हणून पहिलं काम मोजायचं. वाई-सुरूर रस्त्यावर सपाट, सरळ तुकडा निवडला आणि रविवारी उजाडताच, रहदारी नसताना गेले. तिसऱ्या गिअरमध्ये ३० चा वेग धरायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि ६० होईपर्यंत भाच्याने शेजारी बसून मोबाइलवर सेकंद मोजायचे. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, म्हणजे वारा आणि चढ-उतार कटतात. सरासरी आली १९ सेकंद. पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर हाच प्रयोग केला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही.

पहिला गुण फुकटात आला. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढलं, भाच्याला पेडल तळापर्यंत दाबायला सांगितलं आणि टॉर्च मारून कार्बोरेटरच्या आत पाहिलं. खालची, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची चकती पूर्ण उभी व्हायला हवी होती, ती पाऊण उघडून थांबत होती. केबल सैल पडली होती आणि पेडलखाली एकावर एक दोन मॅट होते! वरचा मॅट काढला, केबल ताणली. फक्त इतकी ताणू नका की पाय काढल्यावर चकती पूर्ण मिटणार नाही. चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी) चकतीही पूर्ण उघडते का, तेव्हाच बघून घ्या. १९ चे १६ झाले.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. बोअर, रिंग, पिस्टन असले शब्द कानावर आले की आधी गेज लावायला सांगा. इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग काढलेले हवेत, कॉइलची वायर सोडलेली हवी आणि स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. नाहीतर आकडा खोटा येतो. माझ्या गाडीत पहिल्या दोन सिलिंडरमध्ये १२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), तिसऱ्यात साडेआठ. सिलिंडरांमध्ये किलोभरापेक्षा जास्त फरक असू नये. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा चढला तर रिंग गेल्या असं समजायचं. आमचा हलला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून. दुसऱ्या मिस्त्रींनी इंजिन थंड झाल्यावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला, गॅपच नव्हता. व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. "टॅपेट वाजत नाही, इंजिन एकदम गुपचूप" असं बाबा कौतुकाने सांगायचे. घट्ट टॅपेट वाजत नाही, तो व्हॉल्व्ह जाळतो. आमचा जळायच्या आधी सापडला. मॅन्युअलमधल्या मापाने गॅप लावले, आठवडाभर गाडी चालवली, पुन्हा मोजलं तर तिसऱ्यात साडेअकरा. बोअरचे पैसे वाचले.

टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडते ते, त्यानंतर. माझ्या गाडीत ठिणगीसाठी वीज तोडणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट आहेत. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. कानाने लावू देऊ नका, टायमिंग लाइट मागा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलंच आहे तर रोटर बोटाने थोडा पिळून सोडा. तो झटकन मागे यायला हवा. अडकत असेल तर आतली ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजली आहेत आणि गाडी वेगात ओढणार नाही. चढावर खडखड नॉकिंग ऐकू आलं तर टायमिंग जास्त पुढे गेलंय, थोडं मागे घ्या. महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल या इंजिनाला लागत नाही, कॉम्प्रेशन रेशो नऊच्याही आत आहे.

ब्रेक धरलेत का, हे जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवलं की कळतं. माझं मागचं डावं धरलं होतं.

वजनाचं मात्र मनावर घ्या. रिकामी गाडी साडेसहाशे किलोची, पाच माणसं बसली की त्यात निम्म्याची भर. डिकीतलं बाबांचं साहित्य मी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं. दोर, पाण्याचे कॅन, टायरची एक जुनी डिस्क आणि विटा (हो, विटा! घाटात चाकाला लावायला) मिळून ३४ किलो. एक वीट ठेवली.

मामेभावाने स्वतःच्या ८०० ला १३ इंची अलॉय लावलेत. माझ्या १४५/७० आर १२ टायरचा व्यास ५०८ मिलिमीटर, त्याच्या १६५/६५ आर १३ चा साधारण ५४५. म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्के लांब झाला, चढावर तेवढाच कमी जोर. वर स्पीडोमीटर कमी दाखवतो, तो निराळाच. कोन फिल्टरचंही तेच, तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो.

आता १३ सेकंद लागतात. पाचगणीला हवा विरळ आहे, दर हजार मीटरला साधारण दहावा हिस्सा जोर जातोच, तो कुठलाच मिस्त्री परत आणणार नाही. पण घाटाच्या सरळ तुकड्यांवर तिसरा गिअर टिकतो आणि वळणाच्या आधीच दुसरा टाकला तर पहिल्याची गरज पडत नाही.

राहिले होते पेट्रोलचे रबरी पाइप. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते जुने पाइप सोसत नाहीत, शिवाय मिश्रणही पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), म्हणून कार्बोरेटर पुन्हा लावून घ्यावा लागला. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप काढून वाकवला, तर बिस्किटासारखा हातात तुटला.