उकिरडा झोंबतो की सडतो? शेणखत आणि कोठ्याच्या पाण्यातल्या या चुका टाळा

उकिरडा म्हटला की वास येणारच, असं म्हणून आपण नाक दाबून पुढे जातो. पण उकिरड्याचा वास एकच नसतो, आणि कोणता वास येतो यावरून कुठं चुकलं ते कळतं. सकाळी कोठ्यात, म्हणजे ढोरांच्या गोठ्यात, शिरताच डोळे चुरचुरले तर तो अमोनिया, म्हणजे युरियाच्या गोणीतून आपण जो नत्र (नायट्रोजन) विकत आणतो तोच फुकट उडून चाललाय. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. ढिगाच्या पोटात पाणी जास्त, हवा नाही. आंबट, मळमळ आणणारा वास आला तर कुजणं अर्ध्यावर अडून आम्ल साचलंय.

वास आला की चुना टाकणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चुन्यानं शेणाचा सामू (pH) वाढतो आणि शेणात धरून राहिलेला नत्र अमोनिया वायू होऊन सुटतो. दोन-तीन दिवस वास भडकतो, मग कमी होतो, आणि आपल्याला वाटतं गुण आला. गुण आला नाही, उडण्यासारखं होतं ते उडून गेलं. चुलीतली राखही हेच करते, म्हणून ताज्या शेणावर राख नको.

झोंबऱ्या वासावर सिंगल सुपर फॉस्फेट टाका, टनाला 20 ते 25 किलो. बंडी (बैलगाडी) अर्ध्या टनाची धरली तर बंडीमागे 10-12 किलो. अमोनिया धरला जातो आणि स्फुरदही (फॉस्फरस) खतातच राहतो. ते परवडत नसेल तर वावरातली कोरडी, चाळलेली काळी माती आहेच. काळ्या मातीतली चिकण अमोनिया घट्ट धरते. शेणाच्या प्रत्येक थरावर दोन बोटं माती पसरा. भारीचं कल्चर (कुजवणाऱ्या जंतूंचं विरजण) आणण्याआधी हे करून बघा.

शेण आणि मूत एकत्र होऊ देणं

मूत ताजं असताना फारसं झोंबत नाही. त्यातला युरिया शेणातल्या जंतूंच्या संपर्कात आला की काही तासांत त्याचा अमोनिया होतो. ढोरं रात्रभर ओल्या जमिनीवर उभी राहिली तर सकाळी कोठा झोंबणारच. जमिनीला उतार हवा, दर 10 फुटांना दोन ते तीन इंच, आणि उताराच्या टोकाला उघडी नाली. नाली झाकली की ती साफ होत नाही, हा अनुभव प्रत्येक गावात आहे. नालीतून मूत झाकण असलेल्या टाकीत किंवा ड्रममध्ये घ्या.

खाली अंथरायला सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) उत्तम. तुरीचं कुटार ढोरांच्या तोंडी लागतं, ते गव्हाणीतच जाऊ द्या. पूर्व विदर्भात तणस (धानाचा पेंढा) आहे. ती वीतभर कापून टाकली तर मूत चांगलं शोषते. अंथरलेलं ओलं झालं की उचलायचं, चार दिवस वाट बघायची नाही. उन्हाळ्यात माशीची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. त्याआधी शेण कोठ्यातून हलून ढिगात गेलं आणि वर मातीचा थर पडला, तर अर्ध्या माश्या तिथंच कमी होतात.

काळ्या जमिनीत खोल खड्डा

खड्डा करून खत कुजवण्याची रीत जुनी आहे आणि उन्हाळ्यात ती चालते, कारण ओल टिकते. पण मृग लागला की काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्यातलं पाणी कुठं जात नाही. जुलैत वरून खत दिसतं, खाली काळा गाळ असतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो तिथून.

पावसाळ्यात खत जमिनीच्या वरच हवं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी यासाठी चांगली आहे. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली. एका टाकीला साधारण 1400-1500 किलो काडीकचरा, 90-100 किलो शेण, 1750 किलो चाळलेली माती आणि 1500 ते 2000 लिटर पाणी लागतं. खत 90 ते 120 दिवसांत होतं. टाकी बिघडते ती तीन गोष्टींनी: माती वाहायचा कंटाळा करून ती निम्मीच टाकणं, टाकी दोन दिवसांत न भरता महिनाभर टोपलं-टोपलं भरत राहणं, आणि वरून लिंपताना भिंतीची भोकंही बुजवून टाकणं.

टाकी नसेल तर उंचवट्यावर अख्ख्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) सहा-आठ इंच थर घाला आणि त्यावर ढीग रचा, उंची चार-पाच फुटांच्या वर नको. पऱ्हाटी लवकर कुजत नाही, पण खालून हवा खेळती ठेवते. बाकीची पऱ्हाटी श्रेडरमधून दोन-तीन इंच तुकडे करून ढिगाच्या आत घाला, धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवू नका. तिच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते आणि पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर येते.

नुसत्या शेणाचा ढीग

ताज्या शेणात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आपल्याच वजनानं दबतं, हवा बंद होते. तीन टोपली शेणाला दोन टोपली कोरडं कुटार, इथून सुरुवात करा. मग मूठ दाबून बघा: बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा आणि गोळा टिकावा. धार लागली तर कुटार वाढवा, गोळा फुटला तर पाणी शिंपडा. कोंबडी खत घालत असाल तर कुटार दुप्पट करा, त्यात नत्र फार असतो.

ढिगात हात-दीड हात लोखंडी सळई खुपसून 10 मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर आत 55 अंशांच्या पुढे तापलंय. तणाचं बी आणि अळ्या मरतात त्या याच तापात. सळई कोमट निघायला लागली की ढीग उलटवा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. असं तीन वेळा तरी व्हावं. सळई पहिल्यापासूनच गार असेल तर ढीग फार ओला आहे, फार कोरडा आहे किंवा फार लहान आहे. तीन फुटांपेक्षा लहान ढीग ताप धरत नाही.

सडक्या वासाच्या ढिगाला वरून काही टाकून उपयोग नाही. मोडा, सावलीत अर्धा दिवस पसरा, कुटार मिसळा आणि पऱ्हाटीवर पुन्हा रचा. पावसात ताडपत्री हवी, पण ढिगाला चिकटवून घट्ट बांधलेली नको. बांबूवर, बाजू उघड्या ठेवून.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी ढिगावर शिंपडत राहू नका. ढीग कुजून निम्मा होतो, मीठ मात्र सगळंच्या सगळं उरतं.

कल्चरवर सगळा भार

वेस्ट डीकंपोजर (कुजवणाऱ्या जंतूंचं तयार कल्चर) असो की ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी), हवा आणि ओल नीट नसेल तर तेही मरतात. वेस्ट डीकंपोजर प्लास्टिकच्या ड्रममध्ये करा: 200 लिटर पाणी, 2 किलो गूळ, त्यात कल्चर, रोज दोनदा ढवळणं. ट्रायकोडर्मा तापलेल्या ढिगात घालू नका, ताप उतरल्यावर घाला.

कोठा धुतलेलं पाणी

पाइप धरून धुतलं तर जनावरामागे 40-50 लिटर पाणी सहज जातं. आधी फावड्यानं शेण उचला, खराटा मारा, मग पाणी; 15-20 लिटरांत काम होतं. पाणी कमी म्हणजे सांभाळायची घाणही कमी.

उरलेलं पाणी शोषखड्ड्यात सोडणं ही पुढची चूक. शेणाच्या बारीक कणांनी खड्डा महिन्याभरात बसतो. त्यातही काळ्या जमिनीची गंमत अशी की पावसाळ्यात ती पाणी पीत नाही, आणि उन्हाळ्यात भेगांतून घाण न गाळता थेट खाली सोडते, विहिरीकडे. विहिरीपासून किमान 50 फूट आणि तिच्या उताराच्या खालच्या अंगाला राहा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त.

दहा ढोरांचं रोजचं 200 लिटर पाणी धरलं, तर तीन फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट खोल टाकी बांधा. तीन दिवसांचं पाणी मावतं. एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाला बाहेर. बाहेरच्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून त्याचं तोंड फूटभर पाण्यात बुडवा, म्हणजे वरची साय अडते. खालचा गाळ टाकीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की काढून ढिगावर टाका. निथळलेलं पाणी नेपियर गवताला किंवा केळीला, रोज वेगळ्या सरीत. नालीतून वेगळं धरलेलं मूत पिकाला द्यायचं तर दहापट पाणी घालून. ठिबकमधून सोडायची हौस असेल तर आधी कापडानं गाळा आणि 120 मेशची जाळी लावा, नाहीतर ड्रिपर बदलत बसावं लागेल.

गोबरगॅसची आंबट स्लरी

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि 50 लिटर पाणी, आणि आपल्याकडच्या हवेत स्लरी (शेणपाण्याचा घोळ) आत 40 दिवस राहायला हवी. डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी झाला म्हणून शेण वाढवलं की ते न पचता बाहेर येतं. नीट पचलेल्या स्लरीला वास जवळपास नसतो आणि माशी बसत नाही. वास आला, लिटमससारख्या सामू-कागदावर आकडा 6.5 च्या खाली गेला, तर आठ-दहा दिवस शेण बंद करा आणि दुसऱ्या चालू संयंत्रातली चार-पाच बादल्या स्लरी घाला. चुन्याची निवळी थोडी-थोडी घालायची ती फक्त इथं. फिनाइल किंवा ब्लीचिंगनं धुतलेलं पाणी संयंत्रात गेलं तर आतले जंतू मरतात.

बाहेर आलेली स्लरी उन्हात वाळवू नका, नत्र उडतो. दोन खड्डे आलटून-पालटून वापरा, कुटारावर सोडा.

स्लरीच्या किंवा शेणपाण्याच्या टाकीत साफसफाईसाठी कधीही उतरू नका, दोरी बांधूनही नाही. सडका वायू (हायड्रोजन सल्फाइड) वाढला की नाक त्याचा वास घेणंच थांबवतं. माणसाला वाटतं वास गेला. उतरलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. गाळ बाहेरूनच, लांब दांड्यानं किंवा पंपानं काढा.

मे महिन्यात वावरात पडलेले खताचे ढिगुले

बंड्या रिकाम्या करून ढिगुले घालायचे आणि पेरणीच्या तोंडावर विस्कटायचे, ही सवय विदर्भभर आहे. 45 अंशांच्या उन्हात ते महिनाभर पडले की उरलासुरला नत्रही जातो आणि ढिगुल्याच्या जागी पीक हिरवंगार, बाजूला पिवळं दिसतं. खत नेलं त्याच दिवशी विस्कटा आणि संध्याकाळच्या आत वखराची पाळी द्या. खत अर्धवट कुजलेलं असेल तर या खरिपात ते नेऊच नका. हुमणी आणि उधई (वाळवी) त्यातूनच वावरात शिरते. ढिगातच राहू द्या, रब्बीला काढा.