कूलर चालू आहे तरी खोली गार का होत नाही?

होळी झाली की आमच्या नागपुरात घरोघरी गच्चीवरून, माळ्यावरून कूलर खाली उतरतात आणि मग जूनपर्यंत एकच रडगाणं, नवीन ताट्या (कूलरच्या तिन्ही बाजूंना लावतात ते पाण्याने भिजणारे गवताचे पडदे) टाकल्या, मोटर बदलली, तरी यंदा कूलर नुसती हवा फेकतो, गारवा नाही. बहुतेक वेळा कूलर धडधाकट असतो हो, गडबड आपण तो लावतो त्यात असते.

माझा मावसभाऊ डोंबिवलीचा. मागे मे महिन्यात आला होता, दुपारी जेवून आडवे झालो तर हा पठ्ठ्या उठला आणि गारवा बाहेर जातो म्हणून सगळ्या खिडक्या-दारं लावून आला, एसीची सवय ना. अर्ध्या तासात उशी ओली, चादर अंगाला चिकटलेली, आणि वर मलाच ऐकवतो, दादा तुझ्या कूलरात दम नाही. मी उठून समोरची खिडकी सताड उघडली, दहा मिनिटांत साहेब घोरत होते.

तर पहिलं हेच समजून घ्या. एसी खोलीतली तीच हवा फिरवून गार करतो, कूलरचं तसं नाही, तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढतो, ताटीतलं पाणी उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, विजेच्या हिशोबात पाऊण युनिटला जरा कमी, आणि ती सगळी फुकटात हवेतून निघते. बाहेर ४४ अंश आणि हवेत जेमतेम १५ टक्के दमटपणा असेल तर चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा फेकतो, म्हणजे १५ अंश खाली! तोच कूलर मुंबईच्या ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणात लावा, फार तर तीन-चार अंशांचा फरक पडेल आणि खोलीत नुसती चिकचिक. भावाचा कूलरवर विश्वास नाही त्यात त्याची चूक नाही, त्याची हवाच वेगळी.

म्हणून कूलर खिडकीच्या बाहेर, तिन्ही ताट्या मोकळ्या हवेत, आणि त्याच्या समोरच्या बाजूला हवा निघून जायला खिडकी किंवा दार उघडं. खोलीतली हवा दोन-तीन मिनिटांत एकदा पूर्ण बदलली पाहिजे असं धरा. दाराला हात लावून बघा, हवा बाहेर जाताना जाणवली पाहिजे. जाणवत नसेल तर अजून उघडा.

आता ताट्या. गवताच्या घ्या, वाळ्याच्या घ्या नाहीतर हनीकॉम्ब घ्या, तो खिशाचा प्रश्न आहे (वाळ्याचा वास आला की मला शाळेच्या सुट्ट्या आठवतात, म्हणून मी एक तरी ताटी वाळ्याची लावतोच, हिशोबात बसत नसली तरी). खरा घोळ वेगळाच असतो. पंप चालू करा, पंखा बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग ताटी नीट बघा, ओलं गवत गडद दिसतं आणि कोरडं फिकट. हमखास कुठेतरी वरून खालपर्यंत चार बोटांचा फिकट पट्टा सापडतो. हवा आळशी, तिला जिथून सोपं जातं तिथून ती घुसते, आणि कोरडं गवत तिला सोपं, त्यामुळे त्या पट्ट्यातून बाहेरची ४४ अंशांची झळ थेट आत येते आणि बाकी ताटीने केलेली मेहनत पाण्यात. वरच्या नळीची छिद्रं सुईने मोकळी करा, नळी एका बाजूला कललेली असेल तर खाली लाकडाची चिपटी घालून सरळ करा, गवत खाली बसून वर फट पडली असेल तर वरून मूठभर गवत भरा. हे वीस मिनिटांचं काम आहे आणि नव्या मोटरपेक्षा जास्त फरक पडतो, करून बघा.

छिद्रं बुजतात ती बोअरच्या पाण्यामुळे. पाणी उडतं पण त्यातले क्षार कुठे जाणार, ते टाकीत राहतात, रोज वरून नवीन पाणी म्हणजे रोज नवीन क्षार, महिन्याभरात ताटीवर पांढरी खपली धरते आणि मग तिथे पाणी पसरतच नाही. म्हणून नुसती भर घालत बसू नका, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा.

आठवडाच का, तर डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि उबदार पाण्यात अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. मादी अंडी पाण्याच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे पाणी ओतून दिलं म्हणजे झालं असं नाही, भिंती ब्रशने घासायच्या. जुलैत पावसामुळे बंद पडलेला आणि तळाला चार बोटं पाणी असलेला कूलर सगळ्यात वाईट.

बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक हिशोब. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, एक लिटर पाणी उडताना २४००, म्हणजे सातपट. पाव्हण्यांसमोर फ्रीजमधले दोन ट्रे ओतायला मजा येते पण त्याने काही होत नाही. तसंच गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं म्हणून घाबरू नका, कूलर फिरायला लागला की ते थोड्या वेळात आपोआप गार होतं. त्यापेक्षा कूलरवर सावली करा, गोणपाट टांगा नाहीतर हिरवी जाळी, पण ताटीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा.

करंटचं मात्र गंमतीत घेऊ नका. लोखंडी कूलर, पाणी आणि अनवाणी पाय, विदर्भात दर उन्हाळ्यात याने जीव जातात. वायर वर्षानुवर्षं उन्हात तापून कडक होते, वाकवली की वरचं प्लास्टिक तडकतं आणि आतली तांब्याची तार पत्र्याला टेकते. सीझनच्या सुरुवातीला सगळी वायर हातात घेऊन (प्लग काढून!) वाकवून बघा, कडकड वाजली तर फेका. तीन पिनचा प्लग आणि खरोखर चालू असलेलं अर्थिंग, नुसती तिसरी पिन असून उपयोग नाही, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, घरातल्या पोरांनाही हेच सांगून ठेवा.

कूलरच्या खोलीत काय ठेवू नये हेही सांगतो. हवेत ओल वाढते, त्यामुळे मेमधे आईने उन्हात कडकडीत वाळवलेल्या कुरडया आणि पापड त्याच खोलीत उघडे ठेवले तर दोन दिवसांत मऊ, मीठ ओलं, लाकडी कपाटाचं दार फुगून अडकायला लागतं. आमच्याकडे तबला होता, कूलरच्या खोलीत त्याचा सूर उतरायचा, कारण चामडं ओल पितं आणि ढिलं पडतं. हे सगळं दुसऱ्या खोलीत.

मृग लागला, ढग आले, हवा दमट झाली की पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा. हवेत आधीच पाणी असेल तर ताटीतलंही उडत नाही आणि अंगावरचा घामही नाही, आणि माणूस गार होतो तो घाम उडाल्यामुळेच. भर मेमधे उलटं, घाम इतका पटकन वाळतो की आलेला कळतही नाही, म्हणून तहान नसली तरी पाणी प्या. घरात म्हातारं माणूस असेल तर चांगला कूलर त्यांच्या खोलीत लावा, आणि ते असंबद्ध बोलायला लागले, अंग भट्टीसारखं तापलं तर अंगावर पाणी मारा, पंखा लावा आणि सरळ दवाखाना गाठा, कांदा नाकाला लावत बसू नका.

सीझन संपला की टाकी घासून दोन दिवस उन्हात वाळवा, गंजलेल्या जागी पॅच मारून आतून डांबर नाहीतर रंग लावा, पंप काढून कपड्यात गुंडाळा आणि कूलरच्याच आत ठेवा. मी एकदा जपून ठेवायचा म्हणून कपाटात ठेवला होता, पुढच्या मार्चमधे नवीन आणला, आणि जुना दिवाळीच्या साफसफाईत सापडला.