आप्पांची पद्मिनी भर उन्हात बंद पडायची, ते असं सुटलं

प्रीमियर पद्मिनी ही आमच्या घरातली पहिली गाडी. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढच्या सलग सीटवर आप्पा आणि आई यांच्यामधली जागा माझी.

यंदा मे महिन्यात अक्कलकोटला निघालो आणि वळसंगच्या अलीकडे गाडी आचके देत बंद पडली. स्टार्टर जोमात फिरत होता, प्लगला ठिणगीही होती. मग लक्ष गेलं पेट्रोलच्या नळीतल्या पारदर्शक फिल्टरकडे. पेट्रोलऐवजी आत नुसते बुडबुडे! उष्णतेनं नळीतच पेट्रोलची वाफ होत होती. मेकॅनिकल पंप द्रव ओढतो. वाफ शिरली की त्याची ओढच संपते. जवळचा सोलापुरी टॉवेल पाण्यात भिजवून पंपावर ठेवला. पंधरा-वीस मिनिटांत फिल्टर भरला, गाडी सुरू झाली.

पण हा तात्पुरता उपाय. घरी बघितलं, तर मागे नळी बदलताना मीच ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळकांड्याला) जवळजवळ चिकटून नेली होती. इंजिन पूर्ण गार झाल्यावर नवीन नळी वीतभर लांबून फिरवली, उष्णतारोधक आवरण चढवलं, क्लॅम्प घट्ट केले. पंपाला हात लावावा लागला नाही. (आधी पंपच बदलायला धावू नका.)

परवा भर दुपारी तुळजापूरचा घाट न थांबता चढलो. आई पुढेच बसली होती, आप्पांच्या जागी मी, आणि मधे माझी लेक.